मोजणी शून्य कोण करतं?

३ फेब्रुवारी
माफ कर, वही. सव्वा महिना तुला उघडलंच नाही. लेक घर सोडून गेली त्या दिवशीची ओळ अर्धीच आहे – राहू दे तशीच.
वर्कशॉपमधलं पत्रा कापायचं यंत्र अजून बंद. चालू केलं की सतराव्या मिनिटाला मान टाकतं! त्याचा कर्नल – म्हणजे सगळं यंत्र हाकणारा मूळ प्रोग्राम – तिने लिहिलेला. ती गेली त्या दिवशी मी म्हणालो, "तुझ्या कामात काही दम नाही." ती म्हणाली, "बाबा, आधी बघा तरी. मग बोला."
बघतोय. सातवी नापास माणूस बघतोय!

५ फेब्रुवारी
यंत्राला दुसरा कॉम्प्युटर वायरने जोडला. तिच्या कागदावर आहे तसा ब्रेकपॉइंट – म्हणजे प्रोग्रामच्या एका ओळीवर 'इथे थांब' अशी खूण – लावला. त्या ओळीवर काम थांबायला हवं – थांबत नाही. चारदा लावला. मीच आणखी काही बिघडवलं तर?

६ फेब्रुवारी
कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याकडे गेलो. पोट धरून हसला. "काका, भिंतीला रंग द्यायच्या आधीच खडूने फुली मारताय! कर्नल मेमरीत उतरला की तुमची खूण पुसली जाते. हार्डवेअरवाला ब्रेकपॉइंट लावा, तो प्रोसेसर स्वतः सांभाळतो, पुसला जात नाही."
"मग आधी का नाही सांगितलंस?"
"आज पहिल्यांदा तर आलात!"
मलाही हसू आलं. घरी येऊन हे सांगायला कोणी नव्हतं.

७ फेब्रुवारी
हार्डवेअरवाल्या खुणेवर थांबलं! "अगं ये, बघ!" म्हणून ओरडलो. मग एकट्यापुरता चहा टाकला.

८ फेब्रुवारी
किती काप झाले ते यंत्र मोजतं. त्या मोजणीचा आकडा मध्येच शून्य होतो, म्हणून यंत्र बंद पडतं. कोण करतं शून्य? वॉचपॉइंट हवा – आकड्यावर पहारा. संशय आला तिथे तिथे लावत गेलो. पाचवा घेईचना – चारच मिळतात! सगळे काढले, एकच ठेवला. तर आकडा एकाने वाढला तरी थांबतंय. डोकं उठलं. शेवटी अट घातली – शून्य झाला तरच थांब.
तिची चूक दाखवायचीच आहे मला. मग तरी येईल भांडायला.

९ फेब्रुवारी
सापडलं. आकडा शून्य करणारी ओळ तिची नाही. माझी आहे. गेल्या डिसेंबरात, भांडणाच्या आधी, ती परगावी असताना, यंत्र तापू नये म्हणून तिच्याच एका ओळीची नक्कल करून मीच घातली. तिला सांगायचं राहिलं.
फोनवर निरोप टाकला – "चूक माझी होती. कुठे आहेस, जेवतेस का वेळेवर, एवढं तरी लवकर कळव."