कोकिळेच्या अंगावरचं पित्त

१२ नोव्हेंबर १९८७, यावल

पोचले एकदाची सासरी! धुळ्याहून एसटीनं अंग आंबून गेलं होतं, पण दारात पाऊल टाकलं आणि शीण पळाला. ह्यांची पाच वर्षांची लेक कोकिळा थेट माझ्या मांडीवर येऊन बसली. मी ‘आहे’ला ‘शे’ म्हणते म्हणून खूप हसली आणि मग स्वतःच शे-शे करत घरभर फिरली. मी दुसरेपणावर दिलेली, म्हणून रीतीप्रमाणे सासूबाईंनी सवतीचा चांदीचा टाक माझ्या गळ्यात बांधला. सुनंदा तिचं नाव, कोकिळेची वारलेली आई. टाकात तिचा जीव शांत राहतो म्हणे. राहू दे बाई, माझं काय जातंय! मला आयती लेक मिळाली.

१६ नोव्हेंबर

कोकिळा माझ्या कुशीत झोपली आणि सकाळी अंगभर लालभडक गांधी घेऊन उठली. खाजवून खाजवून बेजार. सासूबाई म्हणाल्या, पित्त उठलंय, त्यात काय घाबरायचं. आमसुलाचं पाणी लावलं, घोंगडीनं अंग चोळलं. दुपारपर्यंत सगळं गायब आणि पोरगी पुन्हा माझ्या पदराला.

२० नोव्हेंबर

पुन्हा उठलं. ह्यांच्याबरोबर दवाखान्यात नेली. डॉक्टर म्हणाले, घोंगडीनं चोळू नका, खाज वाढते. गोळी द्या, गार पाण्याची पट्टी ठेवा. काय खाल्लं, अंगाला काय लागलं, त्यावर नजर ठेवा. ओठ-जीभ सुजली, दम लागला, तर मात्र क्षणभर थांबू नका. शेंगदाणे बंद केले, अंडं बंद केलं, साबणही बदलला.

२५ नोव्हेंबर

हे खाण्याचं नाहीच. मी चार दिवस बाहेर बसले होते, तिला शिवले नाही, तर पोरीचं अंग कसं स्वच्छ! आज न्हाऊन तिला कडेवर घेतलं आणि पाठीवर गांधी उठल्या. चार बोटं उमटलेली, करंगळी नाही. माझा पंजा लावून पाहिला, लहान पडला. सासूबाईंनी तेव्हा सांगितलं. सुनंदाची करंगळी कडबा कापायच्या यंत्रात गेली होती म्हणे.

२६ नोव्हेंबर

रागाच्या भरात टाक तोडून विहिरीत फेकला. मेली ती, लेकरावर का सूड! सासूबाईंनी कपाळावर हात मारला. टाकात ती बांधलेली होती, आता मोकळी झाली, म्हणाल्या.

संध्याकाळी कोकिळेचे ओठ सुजले. श्वास घशातच— जीपनं पळवली. इंजेक्शन दिलं. वाचली. माझ्याच मांडीवर होती ती.

२८ नोव्हेंबर

आता तिला शिवायचं नाही. मीच ठरवलं. ती हात वर करते, मी तोंड फिरवते. कशी ही मी, बाई, ऊर फुटतो—

३० नोव्हेंबर

सगळे केळीच्या बागेत गेलेत. तिलाही नेली होती, पळून परत आली. घरात आम्ही दोघीच. मी खोलीला आतून कडी लावलीय. हात कशात तरी गुंतावेत म्हणून लिहितेय.

दाराशी उभी आहे. आई, घे ना. आई, घे ना.

ओरडले, मी तुझी आई नाही, जा. तशी जी रडली— असं कुणाचं लेकरू रडू नये—

थांबली.

दमली असेल—

नाही. हसतेय. आवाज वरून येतोय, कुणी कडेवर घेतल्यासारखा. घरात तर कुणी—

‘आई’ म्हणाली. मला नाही म्हणाली.

कडी काढतेय— कोकिळा, ये गं, मी घेते, मीच घे—