मांडीवरच्या चपला

भाऊबीज, उस्मानपुरा, संध्याकाळ

ओवाळून झालं अन् धाकटा भाऊ संजू नव्या इटालियन गाडीतून फिरवायला घेऊन गेला. गाडीशीच म्हणाला, "ताई, चपला पिशवीत घाल, आतलं खराब व्हईल." घातल्या, मांडीवर धरून बसले. का ऐकलं मी?

गाडी लई देखणी, खोटं कशाला लिहू! इंजिन असं गुरगुरलं की हर्सूलपर्यंत मी वैजापूरचं वावर विसरले. तेच विकून आणली त्यानं. माहेर तुटू नये म्हणून मी हक्कसोडपत्रावर सही केली होती. चपला काढल्या तशीच, निमूट.

लहानपणी वडीलही खळ्यावर चपला काढायला लावायचे. पण तिथलं धान्य माझ्याही ताटात पडायचं.