एकतर्फी कार्यमुक्त

३ नोव्हेंबर, सोमवार
आजपासून रोजनिशी. रोज दोन ओळी. जास्त नाही.
वरून आदेश आला. सगळ्या प्रतिनियुक्त्या रद्द. ज्याने त्याने सात दिवसांत आपापल्या मूळ कार्यालयात हजर व्हायचं. आमच्या लातूरच्या ऑफिसात असे उसने आणलेले अकरा जण आहेत. दिवसभर सन्नाटा. त्यातल्या भुजंगने डबासुद्धा उघडला नाही. मी उघडला. भाकरी, शेंगांची चटणी.
कागदोपत्री मीही उसनाच. मूळ कार्यालय धर्माबाद. नऊ वर्षांपूर्वी तिथे सतरा दिवस काम केलं आणि लातूरला प्रतिनियुक्तीवर आलो, तो आलोच. पण असे आदेश टाइमपास करणाऱ्यांसाठी असतात. मी गेलो तर आस्थापनेचं हिरवं कपाट कोण उघडणार? नऊ वर्षांत त्याला माझ्याशिवाय कुणाचा हात लागलेला नाही.
(दोन ओळींचा नियम उद्यापासून.)

४ नोव्हेंबर, मंगळवार
साहेबांनी बोलावलं. म्हणाले, मल्लिनाथराव, कार्यमुक्तीचं पत्र तुम्हीच करा, तुमच्यासारखा ड्राफ्ट कुणाला जमत नाही. हे दोन जणांसमोर म्हणाले.
जेवायला न जाता ड्राफ्ट केला. सव्वीस वर्षं नोकरी झाली, लोकांच्या पळवाटा तोंडपाठ आहेत. एकेक बीळ बुजवलं. मुद्दा दोन: दुखण्याची सबब चालणार नाही, वैद्यकीय मंडळापुढे उभं राहावं लागेल. मुद्दा तीन: पुढाऱ्याचं शिफारसपत्र आणल्यास ती गैरवर्तणूक समजली जाईल. मुद्दा चार: पत्र घेतलं नाही तर राहत्या घराच्या दारावर चिकटवून एकतर्फी कार्यमुक्त. मुद्दा पाच: एक दिवस जरी उशीर झाला तरी लेखी खुलासा.
भुजंगने वाचलं. म्हणाला, आमच्यावर एवढा राग काऊन हो? म्हटलं, राग नाही, ड्राफ्टिंग आहे.
साहेबांनी स्वल्पविरामही बदलला नाही.

५ नोव्हेंबर, बुधवार
गुरुनानक जयंती. सुट्टी. मंजुश्रीला पत्र वाचून दाखवलं. ती मेथी निवडत होती. म्हणाली, चांगलंय, आणि तुमचं? म्हटलं, माझं काय? ती पुन्हा मेथी निवडायला लागली. प्रशासन बायकांना कळत नाही.

६ नोव्हेंबर, गुरुवार
पत्र निघालं. सोबत अकरा नावांची यादी.
मी अनुक्रमांक चार.
टायपिंग मिस्टेक.

६ नोव्हेंबर, संध्याकाळी
टायपिंग मिस्टेक नाही. यादी साहेबांनी स्वतः दिली होती.

७ नोव्हेंबर, शुक्रवार
साहेबांना भेटलो. कपाटाचा विषय काढला. साहेब म्हणाले, मल्लिनाथराव, एकाला सोडलं तर पत्राला अर्थ काय राहिला? आणि पत्र इतकं पक्कं झालंय की मलाच त्यातून वाट सापडेना.
आधी बरं वाटलं. बाकीचं नंतर वाटलं.
भुजंगने अकराही जणांना चहाच्या टपरीवर बोलावलं. म्हणाला, कुणीच जायचं न्हाई, मी वर बोलून राहिलो, सगळे एक राहा. संकल्प: एक राहणे. त्याआधी स्वतःपुरतं बघून घेणे.

१० नोव्हेंबर, सोमवार
कंबर दुखते. (सकाळी ठरवलं, पण दुपारपर्यंत खरंच दुखायला लागली.) आमच्या घरच्या डॉक्टरांकडे, वीरभद्रांकडे गेलो. ते म्हणाले, माझ्या सर्टिफिकेटला आता कोण इचारतंय? परवा तुमचा भुजंग येऊन गेला, त्यानं ते पत्र दाखवलं. कुणी लिवलंय हो ते? लई जहरी माणूस दिसतोय.
म्हटलं, कल्पना नाही.
गोळ्या दिल्या. जेवणानंतर दोन.

११ नोव्हेंबर, मंगळवार
वीरण्णा म्हणून सासऱ्यांचे जुने स्नेही आहेत, पुढाऱ्यांत ऊठबस. माझं ऐकून घेतलं आणि लगेच फोन करून शिक्क्यासकट शिफारसपत्र आणवलं. हातात घेतलं तेव्हा मुद्दा तीन आठवला. म्हटलं, हे दाखवलं तर माझ्यावरच कारवाई होईल. वीरण्णा म्हणाले, असला येडपट नियम कोन केला?
पत्र घरी आणून फाडलं. वीरण्णा दुखावले आहेत.

१२ नोव्हेंबर, बुधवार
रजा टाकली. पत्र हातात पडलंच नाही तर मी कार्यमुक्त कसा? दार लावून, पडदे ओढून आत बसलो. कॉटवर. पाय वर घेऊन.
साडेअकराला ऑफिसचा शिपाई आला. बेल वाजवली. मी श्वास रोखला. मंजुश्रीने मागच्या दाराने जाऊन त्याला पाणी दिलं, चहा दिला. त्याच्याकडचा गोंद वाळला होता, तर आत येऊन कणकेची खळ शिजवून दिली. मी खुणेने विचारलं, हे काय? म्हणाली, बिचारा उन्हात उभारलाय.
तो गेल्यावर दार उघडून वाचलं. माझंच पत्र. शुद्धलेखनाची एक चूक नाही.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
काल मुदत संपली. भुजंगला फोन केला, पुढे काय करायचं म्हणून. तो सोमवारीच हिमायतनगरला रुजू झाला म्हणे. म्हणाला, खोली भेटली, हवा मस्त हाय, तुम्ही अजून तिथंच?
मंजुश्रीने बॅग भरली. मी जातो म्हणायच्या आधी भरली. तिला म्हटलं, माझ्याशिवाय अवघड जाईल. म्हणाली, बघू की, नळाची वेळ मला माहीत हाय.
एक गोष्ट मात्र डोक्याने केली. हिरव्या कपाटाची किल्ली ऑफिसात जमा केली नाही. दुसरी किल्ली नाही. दोन दिवसांत फोन येईल, फार तर तीन. संकल्प: पहिल्या फोनला उचलायचं नाही.

१७ नोव्हेंबर, सोमवार. धर्माबाद
नांदेडपर्यंत एसटी, पुढे रेल्वे. नऊ वर्षांनी सिनियर माणूस येतोय म्हटल्यावर स्टेशनवर कुणीतरी असेल असं वाटलं होतं. कामात असतील.
बाजारात मिरचीची आवक चालू आहे. ऑफिसच्या पायरीवरच अकरा शिंका आल्या. शिपाई व्यंकटराव बाकाकडे हात करून म्हणाला, कूर्चोंडी सार, बसा, अर्जवाल्यांचं तीननंतर.
माझ्या टेबलावर वर्षाराणी नावाची मुलगी आहे. मी इथून गेलो तेव्हा ती दहावीत होती. चार वर्षांपासून माझं काम तिच्याकडे आहे. माझं नाव सांगितलं तर म्हणाली, अय्या, तुम्ही खरंच आहात का? यादीत नाव बघितलं होतं, मला वाटलं रिटायर झाले असतील.
चांगली आहे मुलगी. तिने खुर्ची मागवली. ती आवक-जावकच्या टेबलाला लावली, कारण दुसरीकडे जागा नाही.
फोन नाही. प्रवासात रेंज नव्हती.

१८ नोव्हेंबर, मंगळवार
हजेरी आता मोबाईलवर, चेहरा दाखवून. माझा चेहरा जुळत नाही. रेकॉर्डवरचा फोटो मिशीतला आहे. वर्षाराणी म्हणाली, फोटो बदलायची विनंती लातूरला जाते, आस्थापनेकडे. म्हणजे माझ्याच टेबलाकडे! मनात म्हटलं, आता कळेल. मी असताना अशा विनंतीला तीन आठवडे लागायचे.
दहा मिनिटांत मंजूर झाली.

२० नोव्हेंबर, गुरुवार
मी चार दिवस उशिरा रुजू झालो म्हणून मुद्दा पाचप्रमाणे मला नोटीस द्यायची आहे. इथल्या साहेबांना ड्राफ्ट जमेना. म्हणाले, तुम्हीच करता का? केली. कडक झाली. मग तिला खुलासाही मीच लिहिला. साहेबांनी वाचून सांगितलं की खुलासा समाधानकारक नाही. नोटीसच जास्त चांगली उतरली आहे, त्याला माझा इलाज नाही.
फोन नाही.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार
फोन आला! मंजुश्रीचा. हॉलमध्ये शिवणक्लास सुरू केलाय. आठ बायका येतात. तिला पाच वर्षांपासून करायचा होता म्हणे, जागा नव्हती. माझी खुर्ची आणि कॉट गॅलरीत ठेवलीय, वर प्लास्टिक टाकलंय. म्हणाली, या शनिवारी यायलाच पायजे असं काय न्हाई, दगदग कशाला.
तिचा आवाज छान होता. किती दिवसांनी ऐकला.
नाही जाणार.

३ डिसेंबर, बुधवार
आवक सतरा. जावक नऊ.

४ डिसेंबर, गुरुवार
आवक अकरा. जावक अकरा.

८ डिसेंबर, सोमवार
मीच लातूरला फोन केला. पलीकडे सत्यम होता, माझ्या टेबलावर आता तो आहे. इकडचं तिकडचं बोललो. मग सहज म्हणून सांगितलं की कपाटाची किल्ली चुकून माझ्याकडे राहिली, काम अडलं असेल. त्याने विचारलं, कोणतं कपाट? म्हटलं, हिरवं. तो म्हणाला, ते होय! भिंतीला रंग द्यायचा होता म्हणून व्हरांड्यात काढलंय. भंगारच्या यादीत हाय. उघडायचं काम पडलंच न्हाई सर, सगळं ऑनलाइन हाय की, तुमीच तर फाइली स्कॅनला पाठवल्या होत्या.
मग म्हणाला, तुमचं पत्र मात्र लई चाललं. बाकीच्या जिल्ह्यांनी पण तेच उचललं, फक्त नावं बदलून.
थँक्यू म्हटलं.
वाईट वाटलं. खूप वाटलं. मग चार वाजले, टपाल आलं.

९ डिसेंबर, मंगळवार, सकाळी सात
थंडी पडली आहे. किल्ली इथल्या खोलीच्या कुलपाला लावून पाहिली. लागत नाही.
कपाटात नक्की काय होतं ते आठवत बसलो. फाइली गेल्यावर मागे राहिलं ते एवढंच: एक स्टीलचा पेला, मागच्या की त्याच्या मागच्या वर्षाचं कॅलेंडर, आणि माझा स्वेटर.
स्वेटर काढून घ्यायला हवा होता.