वायरीला करंजेल

कर्जत, ता. ३ मे १९४८

चि. वाल्मिक यास अनेक आशीर्वाद. वि. वि. घरी सर्व बरे, पण माझा जीव थाऱ्यावर नाही. तुझी बहीण जना गिरणीत भात उकडायच्या भट्टीवर कामाला लागली. तिच्या डोक्यावरून मोटरची वायर गेली आहे. आचेने वायरीचे रबर कडक होऊन जागोजाग तडकले होते. म्हणून गिरणी बंद असताना मी काठीला चिंधी बांधून, सुकलेल्या वहाणांना लावतो तसे तिला करंजेल लावले. आता वायर मऊ, काळीभोर दिसते. शेठ खूश झाले. तरी मला झोप नाही. तू मुंबईला कारखान्यात रबराचीच परीक्षा करतोस (आई शेजारणींना सांगते, माझा पोर रबराच्या भाकऱ्या भाजतो), तर मी बरे केले की वाईट ते कळव.

उत्तराला उशीर करून म्हाताऱ्याला घोर लावू नकोस, हा आशीर्वाद.
आबाजी

मुंबई, ता. ६ मे १९४८

ती. बाबांस वाल्मिकचा सा. न. वि. वि. पत्र वाचताच लिहायला बसलो. आम्ही रबराचे तुकडे तापत्या पेटीत ठेवतो, अधूनमधून काढून वाकवतो. आच आणि हवा मिळून रबराला असे खातात की एके दिवशी ते वाकवताच मोडते. तुमच्या वायरीचे तेच झाले होते. आणि त्यावर तेल! चामडे तेलाने सुधारते. रबर तेल पिऊन फुगते, चिकट होते, आतल्या तांब्याच्या तारेवरून सुटते. बाबा, ताबडतोब वीज बंद करायला लावा. ओल्या हातांनी जनाला तिथे उभी राहू देऊ नका. रागावलो नाही, भ्यालो आहे.

आईला नमस्कार. लेकरावर माया आहे तशी राहू द्यावी.
वाल्मिक

कर्जत, ता. ८ मे १९४८

चि. वाल्मिक यास आशीर्वाद. पत्र घेऊन अनवाणी गिरणीत धावलो. शेठ हसले, म्हणाले, आबाजी, पोरगा वायरींचा डॉक्टर झाला वाटतं. जना सगळ्यांसमोर म्हणाली, बाबा, तुमाला सदा भ्याच वाटतं, भात नासंल ना! मी स्विचपाशी हटून बसलो, तेव्हा कुठे वीज बंद केली. वायरमनने वायर नुसती चिमटीत धरली, तर रबर सायीसारखे निघून आले. आत उघडे तांबे, खाली लोखंडी कढई, आणि कढईतला झारा धरून जना. मग घरी येईपर्यंत तिने माझा हात सोडला नाही.

शेठने नवी वायर लावली, पण त्याच जागी, भट्टीवर. उद्या जना पुन्हा कामाला जाते. म्हणजे ही वायरसुद्धा आजपासून सुकायला लागली ना रे? या नव्या वायरीचा उरलेला तुकडा पाकिटात घातला आहे. त्याला आमच्या भट्टीएवढी आच दे, आणि तो कधी मोडतो ते मला कळव. तोवर मी रोज जनाबरोबर जाऊन तिच्यापाशी बसतो, वर बघत.

तुझ्या पत्राची वाट पाहणारा,
आबाजी