मेव्हण्याच्या ताकदीच्या गोळ्या

५ जानेवारी १९९८, सोमवार
हिरामण आला. मालूचा धाकटा भाऊ, म्हणजे माझा मेव्हणा. रोह्याला कंपनीत शिफ्टला होता, आता लांब रजेवर. अंगावर मूठभर मांस नाही. मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात औषध चालू आहे, पेणहून जाणे-येणे सोपे, म्हणून आमच्याकडे राहणार. मी मोठ्या मनाने हो म्हणालो. खिडकीजवळची माझी कॉटही दिली. मोठे मन ही माझी जुनी सवय.

७ जानेवारी
सकाळी त्याला दोन उकडलेली अंडी, मला पोहे. विचारले तर मालू म्हणाली, त्याच्या बरगड्या बघा आनि तुमची ढेरी बघा.
माझे गजराचे घड्याळ आता त्याच्या उशाशी. सकाळी आठ, संध्याकाळी आठ. वाजले की मालू हातातले काम टाकून पाणी घेऊन जाते, आणि तो गोळ्या गिळेपर्यंत उभी राहते. सोळा वर्षांच्या संसारात माझ्या डोकेदुखीच्या गोळीसाठी ती उभी राहिलेली मला आठवत नाही.
कसल्या गोळ्या, विचारले. म्हणाली, ताकदीच्या हायत, कुनाला सांगू नका. मी सांगणारा माणूस नव्हे. फक्त शेजारच्या जगनला सांगितले, तेही शपथ घालून.

१८ जानेवारी, रविवार
स्टेशनच्या काट्यावर हिरामण सेहेचाळीसचा अठ्ठेचाळीस झाला. मालूने वजनाचे तिकीट देवाजवळ ठेवले. मीही चढलो. अठ्ठ्याहत्तर. माझे तिकीट कोणी मागितले नाही.

२६ जानेवारी
२२ फेब्रुवारीला कासूला चाळिशीच्या वरच्यांची कबड्डी. नाव दिले. कॉलेजात मला पकडायला तिघे लागत. उद्यापासून पहाटे रामवाडीपर्यंत धावणे. आता घरातल्यांना कळेल ताकद म्हणजे काय.

३ फेब्रुवारी
धावणे अद्याप सुरू नाही. धुके. शिवाय बूट चावतो.
हिरामण मात्र रोज रामवाडीला चालत जाऊन येतो. आज ऑफिसात केरू म्हणाला, तुझा मेव्हणा काय सुधारला रे, रंग आला तोंडावर. मी म्हणालो, गोळ्यांचा रंग आहे. केरूने शपथ न घेताच ऐकून घेतले.
जेवायला सुरमई. मधली तुकडी कोणाला, ते लिहीत नाही.

१२ फेब्रुवारी
शांत डोक्याने विचार केला. माझ्या घरात, माझ्या फळीवर, माझ्या घड्याळावर चालणारे औषध. त्यातली एक कॅप्सूल रोज मी घेतली तर चोरी कशी होईल? बाटली चांगली मोठी आहे. त्याच्या अंगात इतका फरक पडतो, तर मुळात दणकट असलेल्या माणसाचे काय होईल?
पहिली घेतली. साडेआठला, मालू विहिरीवर असताना.

१५ फेब्रुवारी
मळमळ. डोके जड. औषध मुळापासून काम करत असावे.

१७ फेब्रुवारी
अजून मळमळतेच. डोस कमी पडतोय. माझे वजन हिरामणच्या दीडपट, तेव्हा आजपासून दोन. ऑफिसात पेंगलो. ताकद बाहेर पडण्याआधी आत साठते.

२२ फेब्रुवारी, रविवार
कासू. पहिली चढाई मीच मागितली. मध्यरेषा ओलांडली, चार पावले आत गेलो आणि मैदानातच उलटी झाली. समोरचे सातही मागे सरले. मला कोणी हात लावू शकले नाही, ही गोष्ट नोंदवण्यासारखी.
हिरामण धावत आला, तोंड धुतले, मला खांद्यावर टेकवून सावलीत नेले. लोक म्हणाले, मेव्हणा असावा तर असा. मी डोळे मिटून घेतले. उद्यापासून कॅप्सूल बंद.

२५ फेब्रुवारी
बाटली संपली. रविवारपर्यंत पुरायला हवी होती. हिरामण रिकामी बाटली धरून जमिनीवर बसला. म्हणाला, मोजन्यात मीच चुकलो असेन. मालू त्याला बोलली, आल्यापासून पहिल्यांदाच. मला बरे वाटले. खोटे कशाला लिहू?
तो म्हणाला, उद्याच मुंबईला जायला हवं. मी म्हणालो, चार दिवस टॉनिक नसलं म्हणून कोण मरतं?
मालूने मला स्वयंपाकघरात नेले आणि सांगितले. एचआयव्ही. कंपनीत कळलं तर त्याचं काम जाईल, हितं कळलं तर आपलं घर. मला का नाही सांगितलेस, विचारले. म्हणाली, तुमच्या तोंडाला झाकन नाय.
बाटलीचे सांगायला तोंड उघडले, आणि मिटले.

२६ फेब्रुवारी
तिघेही मुंबईला. गाडीत मी पाच स्पष्टीकरणे तयार केली. एकात उंदीर होता.
डॉक्टरीणबाई हिरामणला कडक बोलल्या. या गोळ्या वेळेवर, ठरल्या तितक्याच. मध्ये खंड पडला की विषाणू औषधाला सरावतो, मग तेच औषध चालेनासे होते. आम्ही एकेक गोळी जपून देतो, तुम्ही अशा हरवता? हिरामण मान खाली घालून म्हणाला, व्हय, चूक माझी.
मग मी बोललो. सतरा कॅप्सूल. उंदीर राहून गेला.
बाईंनी पेन खाली ठेवले. मग विचारले, का घेतल्या? मी म्हणालो, त्याला सगळे विचारत होते.
त्यांनी माझ्या रक्ताची तपासणी लिहून दिली. या औषधाने रक्त कमी होऊ शकतं म्हणाल्या, दुसऱ्याचं औषध कधीही घ्यायचं नाही. हिरामणला नवी बाटली मिळाली. बाई म्हणाल्या, खंड पडलाच आहे, त्याचं काय होतं ते पुढच्या तपासणीत दिसेल. चुकलेल्या गोळ्या एकदम घेऊ नका. आज आठला नेहमीच्याच.
परतीच्या गाडीत मी मालूशी बोलून पाहिले. ती खिडकीबाहेर बघत होती. हिरामणने मला अर्धी भाकरी दिली.

१ मार्च, रविवार
हिरामण रोह्याला परत गेला. गोळ्यांची बाटली मालूच्या पिशवीत होती, आणि मालूही गेली. म्हणाली, त्याच्या पुढच्या तपासनीपर्यंत तिथंच राहीन. त्यानंतर, विचारले. बघू, म्हणाली.

३ मार्च, मंगळवार
रक्ताचा रिपोर्ट आला. सगळे नॉर्मल. दोनदा मोठ्याने वाचला. घरात कोणी नव्हते.