ओल्या सिमेंटला शोभेल असा रंग

फुलंब्री,
६ नोव्हेंबर २०२५

ती. आक्काच्या पायी तात्याचा दंडवत.

वि. वि. माझं कानाचं यंत्र पुन्हा बिघडलंय, म्हणून फोन सोडून पत्र. आपला गडी कारभारी दूध घालायला रोज छावणीत येतोच, उत्तर त्याच्याजवळ द्यावं.

तनुजाची सुपारी फुटली ती तू डोळ्यांनी पाहिलीसच. माणसं लाखमोलाची भेटली. मी देण्याघेण्याचा विषय काढला, तर व्याह्यांनी कानाला हात लावले. आम्हाला मुलगी आणि नारळ द्या, म्हणाले. फक्त जावई इंद्रजीतरावांना डोंगरात फिरायची हौस आहे, तेव्हा एखादी फोर बाय फोर गाडी दारात असली तर तुमचीच पोर सुखानं फिरेल, एवढं सुचवलं. मी गाडी आणलीसुद्धा. रंगाला कंपनीनं इंग्रजी नाव दिलंय, ते माझ्या जिभेवर बसत नाही. कारभारी म्हणाला, ओल्या सिमेंटवानी लई झ्याक दिसतीया.

आता एकच पेच आहे. जावयाची बहीण मोनिका म्हणते, की हा रंग नुसता ठेवला तर गाडी सुतकात असल्यासारखी दिसेल. म्हणून गाडी ओढायचे पुढचे हूक, चाकांच्या रिंगा आणि आरशांच्या टोप्या, एवढ्यांना उठून दिसणारा दुसरा रंग द्यायचा. तो ठरेपर्यंत गाडी नेणार नाहीत आणि लग्नपत्रिकाही छापणार नाहीत, कारण पत्रिकेलाही तोच रंग हवा. तनुजा तुझ्याकडे राहून चितेगावच्या कंपनीत रंगच तपासते, तिला यातलं कळत असेल. पण मुलीला विचारणं बरं दिसत नाही.

थोरलेपणाची माया आहे तशीच ठेव.
तुझा, तात्या

*

छावणी, छत्रपती संभाजीनगर,
१० नोव्हेंबर २०२५

चि. तात्यास आवडाबाईचे पोटभर आशीर्वाद.

तुझे लाखमोलाचे व्याही हुंडा घेत नाहीत, गाडी घेतात. आपल्या गोजरबाई मावशीचा उपास असाच असायचा. भाताला शिवायची नाही आणि भगर तीनदा वाढून घ्यायची.

काल रविवारी ती सगळी मंडळी इथल्या गाड्या सजवणाऱ्याकडं जमली होती. तनुजाला बोलावलं, म्हणून मीही गेले. जावयाला लाल हवा होता. व्याही बाजार समितीला उभे राहणार आहेत, ते म्हणाले लाल नको, लोक वेगळं समजतील. मग भगवा निघाला, तो एका पार्टीचा. निळा दुसऱ्या पार्टीचा, हिरव्याचं तर नावच काढायची सोय नव्हती. पिवळा दिला तर शाळेची बस दिसेल आणि पांढरा दिला तर ॲम्ब्युलन्स. आपल्या शहरात बिनमालकीचा रंग शिल्लक नाही, हे मला पंच्याहत्तराव्या वर्षी कळलं.

दोन तास आपली पोर हातात रंगांचा तक्ता धरून उन्हात उभी होती. तिनं एकदाच सांगितलं, की दुकानाच्या ट्यूबलाइटखाली पाहिलेला रंग उन्हात तसाच दिसेल असं नाही. मोनिकानं गोड हसून कारखान्याच्या गोष्टी कारखान्यात ठेवायला सांगितल्या. इंद्रजीत तिच्याशी पूर्ण दुपारात एक वाक्य बोलला. तक्त्यावर तुझी सावली पडतेय, जरा बाजूला सरक, असं म्हणाला.

तू मनाचा भोळा आहेस हे मान्य. पण भोळेपणा किती करावा, यालाही धरबंध असतो.

घरच्यांना माझा आशीर्वाद, आणि तुला तर आहेच.
आक्का

*

फुलंब्री,
१७ नोव्हेंबर २०२५

चि. तनुजा हिस बाबांचे अनेक आशीर्वाद.

रंग ठरला एकदाचा! तांब्याचा. व्याह्यांनी खात्री करून घेतली, की हा रंग कुठल्याच पार्टीचा नाही. आता पत्रिका, फेटे, मांडवाच्या झालरी, सगळं तांबूस होणार. कारभारीजवळ रंगवलेल्या पत्र्याचा एक तुकडा पाठवला आहे. शालू त्याच्याशी जुळवून घ्यायचा, असं मोनिकाताईंनी सांगितलंय. वरातीत तू गाडीच्या बॉनेटजवळ उभी राहशील, वरून ड्रोन फिरेल, तेव्हा हूक आणि शालू एकसारखे दिसायला हवेत. लाल शालू गाडीवर मारून नेतो म्हणे.

दुसरं असं, की तू रंगाच्याच खात्यात आहेस, तर हूक आणि रिंगा तुमच्या कंपनीतूनच रंगवून आण. तेवढं झालं की जानेवारीत राजीनामा दे. व्याही म्हणतात, दारात एवढी गाडी असताना सुनेनं कंपनीच्या बसनं चितेगावला जाणं शोभत नाही. तू आठ वर्षं त्या नोकरीसाठी किती खपलीस ते मी पाहिलंय. मलाही हे जरा लागलं. पण पाहुण्यांत शब्द गेलाय, आणि गावानं सुपारीचं जेवण जेवलंय. आता मागं फिरलो तर मला पारावर बसायला जागा उरायची नाही. तेव्हा बाळ, हो म्हण.

तुझ्या उत्तराकडं डोळे लावून बसलेला,
बाबा

*

छावणी,
२३ नोव्हेंबर २०२५

ती. बाबांना तनुजाचा शिरसाष्टांग नमस्कार.

वि. वि. पत्र आणि पत्र्याचा तुकडा पोचला. कंपनीत बाहेरचं काम रंगवता येत नाही, गेटवरच अडवतात. पण तुकडा मी तपासून पाहिला, सवयच आहे.

आमच्याकडं एक कपाट आहे, त्यात तीन तऱ्हांचे दिवे आहेत. एक दुकानातल्यासारखा, एक घरातल्यासारखा आणि एक भर दुपारच्या उजेडासारखा. तिन्हींखाली रंग जुळला तरच आम्ही माल पास करतो. दोन उजेडांत चांगला आणि तिसऱ्यात निराळा, असा तुकडा कितीही देखणा असला तरी परत जातो. हा तांब्याचा तुकडा उन्हाच्या दिव्याखाली विटक्या विटेसारखा दिसतो. हे त्यांना कळवा अगर नका कळवू.

बाबा, इंद्रजीतलाही मी तीन उजेडांत पाहिलं. आपल्या ओसरीवर पोहे खाताना त्यानं माझ्या कामाचं कौतुक केलं, तेव्हा मला तो मनापासून आवडला होता. हे लपवत नाही. छावणीत उन्हात त्याला माझी फक्त सावली दिसली. आणि परवा गाड्या सजवणाऱ्याच्या दुकानात त्याच्या वडिलांनी माझ्या राजीनाम्याची तारीख ठरवली, तेव्हा तो शेजारी बसून रिंगांचे फोटो बघत होता. मी त्याला बाहेर बोलावून विचारलं, की तुला काय वाटतं. तो म्हणाला, रिंगा जरा गडद हव्या होत्या.

तुमचा शब्द मोडतेय याचं मला खूप वाईट वाटतंय, रात्रभर रडले. पण मी हे लग्न करणार नाही. त्या घरात गाडी ठरलेली आहे, आता गाडीला शोभेल अशी बायको हवी आहे. मला कुणाच्या गाडीचा हूक व्हायचं नाही.

रागावलात तरी चालेल, अबोला धरू नका.
तुमचीच, तनुजा

*

फुलंब्री,
३० नोव्हेंबर २०२५

चि. तनुजास बाबांचा आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून आधी संतापलो. दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. तिसऱ्या दिवशी कारभारीला बरोबर घेऊन व्याह्यांकडं गेलो, ते तुझी समजूत घालायला वेळ मागून घ्यावा म्हणून. मोडायला गेलो नव्हतो, हे खरं सांगतो.

तिथं शालूचाच खल चालू होता. तांबूस की चॉकलेटी. मी सहज म्हणालो, की नेसणार तनुजा आहे, तर तिला कुठला रंग आवडतो तोच घेऊ या. कुणाला माहीत आहे का? व्याह्यांनी मोनिकाकडं पाहिलं, मोनिकानं मोबाइलकडं पाहिलं, इंद्रजीतनं बापाकडं पाहिलं. तिची आवड काय विचारायची, असं म्हणून व्याही हसले. मला काय झालं कोण जाणे, मी उठलो, हात जोडले आणि सुपारी मोडली असं सांगून बाहेर पडलो. गावाला काय म्हणायचं ते म्हणू दे. गाडी माझ्या नावावर आहे, तू ये आणि घेऊन जा.

परतीच्या वाटेवर मी त्या लोकांना मनसोक्त शिव्या घातल्या. पोरीचा आवडता रंगसुद्धा माहीत नाही, कसली माणसं, असं कारभारीला म्हणालो. तो म्हणाला, व्हय तात्या, पर मंग तनुताईला आवडतो तरी कंचा?

मला सांगता आलं नाही, बाळ. सत्तावीस वर्षांत मी तुला कधी विचारलंच नाही. तेव्हा आता विचारतो. तुला कुठला रंग आवडतो?

वाट पाहतोय.
तुझा, बाबा