माझ्या बांधाकडे न दिलेली हाक

मी, इंद्रभान किसन तायडे, वय एकोणपन्नास, धंदा शेती, राहणार वरवट बकाल, तालुका संग्रामपूर, जिल्हा बुलढाणा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी शुद्ध जागेवर आहे आणि मी नशापाणी करत नाही. हे लिही असे मला कोणी सांगितलेले नाही. लिहू नको असे मात्र धाकटा भाऊ प्रसेनजित याने सुचवले. म्हणूनच लिहितो.

एक. राहते घर आणि बँकेतली शिल्लक मुलगी धम्मशीला हिला. मी रोज वंदना करतो ती बुद्धमूर्ती तिच्या पाटासह विहाराला द्यावी व तशी पोच घ्यावी. विहारावर माझी श्रद्धा आहे, तिथल्या कपाटावर नाही.

दोन. वखर, डवरे आणि फवारणीचा पंप धम्मशीलाचाच. कोणी मागितला तर द्यावा, पण संध्याकाळी जाऊन परत आणावा.

तीन. वाटणीत मला आलेले शेत. प्रसेनजितचे म्हणणे, "दादा, पोरगी लग्न करून जाईन. तिले वावर काय करायचं?" तो हे फार प्रेमाने म्हणतो. त्यामुळे शेताबद्दल सविस्तर लिहिणे भाग आहे.

आमच्या शिवारात रानडुकरे मका ठेवत नाहीत. त्यासाठी बॅटरीवरची झटका मशीन मिळते. तिने जनावर पळते, मरत नाही. प्रसेनजितची मशीन बिघडली, तेव्हा त्याने पाण्याच्या मोटारीच्या लाइनवरून कुंपणाच्या तारेत सरळ करंट सोडला. असे करणारा आमच्याकडे दिवस मावळायच्या आत चारही बांधांवर जाऊन हाक देतो, "तार लागली हो, इकडे येऊ नका!" त्या दिवशी तीन बांधांना हाक गेली. माझ्या बांधाला गेली नाही. माझी पत्नी मंजुश्री बांधावर गवत कापत होती. ती तारेला चिकटून गेली.

कोर्टात दोन प्रश्न निघाले. त्याच्या जागी दुसरा शहाणा शेतकरी असता तर त्याला हा धोका कळला असता का? कोर्ट म्हणाले, होय, कळायलाच हवा होता. आणि खुद्द याला तो कळला होता का, कळूनही याने तार सोडली का? ते सिद्ध झाले नाही. निष्काळजीपणाची शिक्षा झाली, ती भोगून तो आला.

पहिल्या प्रश्नाशी मला कर्तव्य नाही. शहाण्या शेतकऱ्याने माझी बायको मारली नाही, माझ्या भावाने मारली. विहारात मी शिकलो की कर्म चेतनेवरून, म्हणजे मनातल्या हेतूवरून, ठरते. म्हणून तो सुटून आल्यावर मी त्याला ओट्यावर बसवून विचारले.

"तुले माहीत होतं का नाही?"

"कोर्टात सांगतलं ना दादा."

"कोर्टाले सांगतलं. आता मले सांग."

"मले वाटलं नव्हतं कोणी मरन म्हणून. झटका बसन, एवढंच वाटलं."

"मंग तुही शेळी काऊन सोडून गोठ्यात नेली?"

"शेळीले हाक समजते का दादा?"

"अन् वहिनीले समजत होती, तिले काऊन नाही देली?"

"मले वाटलं, वहिनी तुह्यासंगं गावात गेली."

उत्तर बरोबर असू शकते. मी गावात गेलो होतो, हे खरे. पण तिचा डबा बांधावरच्या बाभळीला टांगलेला होता, आणि ती बाभूळ त्याच्या मोटारीपासून दिसते.

म्हणून शेत धम्मशीलाचे. तिने ते विकू नये, काकाला बटईने, म्हणजे पिकाच्या वाट्यावर कसायला, देऊ नये. या शेताला करंटची तार कोणीही, कधीही लावू नये. राखण होईल तेवढी करावी, उरलेले डुकरांनी खावे.

चार. विहीर सामाईक आहे. प्रसेनजितचे पाणी अडवू नये. पाण्यावर राग काढणे मला पटत नाही.

पाच. प्रसेनजितने खरे सांगितले तर विहिरीलगतचा तुकडा त्याला द्यावा, असे मी आधी लिहिले होते. मग खोडले. जमिनीसाठी तो माहीत नसलेलेही माहीत होते म्हणेल, आणि मी मेल्यावरही फसेन. म्हणून त्याने काहीही सांगितले तरी त्याला काही मिळणार नाही. आता सांगेल तेच ऐकण्यासारखे असेल.

सहा. माझ्या अंत्ययात्रेत त्याला खांदा द्यायला कोणी अडवू नये, आणि आला नाही तर बोलवायलाही जाऊ नये. माझ्याजवळ यावे की येऊ नये, हे ठरवण्याइतके त्या संध्याकाळबद्दल त्याला एकट्याला माहीत आहे.

वरील मजकूर मी दोन्ही साक्षीदारांसमोर वाचून दाखवला व त्यांच्या देखत सही केली. दोघांची शेते प्रसेनजितच्या बांधाला लागून आहेत. त्या दिवशीची हाक दोघांनीही ऐकली होती.

सही: इंद्रभान किसन तायडे

साक्षीदार: १) नारायणराव उकंडराव ढगे (सही)
२) केसरबाई लक्ष्मण वाघ (डाव्या हाताचा अंगठा)

ठिकाण: वरवट बकाल
दिनांक: ९ फेब्रुवारी २०२५